उसनी आजी

मान म्हणून मला गाडीत पुढे बसवलं. जावई म्हणाले, "आई, तुम्ही पुढे बसा, रस्ता छान दिसेल." मागे एका खिडकीशी माझी लेक, मध्ये सात वर्षांची नात आणि दुसऱ्या खिडकीशी ओमा. स्टुटगार्टपासून बोडनझेपर्यंत अडीच तास मी रस्ता पाहिला आणि मागचं हसणं ऐकलं. सगळं जर्मनमध्ये चाललं होतं. कशाला हसताहेत ते कळत नसलं की आपल्यालाच हसताहेत असं उगाच वाटायला लागतं. दोनदा मी मान वळवून काय झालं म्हणून विचारलं. लेक म्हणाली, काही नाही, शब्दांचा खेळ आहे, मराठीत सांगितला तर त्यातली गंमत जाईल. मी परत पुढे पाहायला लागले.

ओमा म्हणजे आजी. पण ही ओमा आमच्या नात्यातली कोणी नव्हती. जर्मनीत ज्या मुलांच्या आज्या लांब असतात, त्यांच्यासाठी एखादी वयस्कर बाई आपण होऊन आठवड्यातला एक दिवस देते. तिला लाइओमा म्हणतात. लेकीनं फोनवर पहिल्यांदा हा शब्द सांगितला तेव्हा मी अर्थ विचारला होता. ती म्हणाली, "उसनी आजी म्हण ना." शेजारून वाटीभर साखर आणावी तशी हिनं आजी आणली, असं मनात येऊन मी हसले होते. हसण्यावाचून दुसरं काही माझ्या हातात नव्हतं. लेकीच्या बाळंतपणाला मी गेलेच नव्हते. आमच्या ह्यांचं डायलिसिस नुकतंच सुरू झालं होतं, आठवड्यातून दोनदा. त्यांना नाशिकला एकटं टाकून निघणं शक्य नव्हतं, आणि तिला सासू नव्हती. पुढची सहा वर्षं तशीच गेली. लेक वर्षा-दीड वर्षानं येऊन तीन आठवडे राहायची, बाकी सगळं फोनवर. हे गेल्या वर्षी गेले, आणि या उन्हाळ्यात मी पहिल्यांदा तीन महिन्यांसाठी स्टुटगार्टला आले.

येताना माझी अशी समजूत होती की त्या घरात माझी जागा रिकामी ठेवलेली असेल. तशी ती नव्हती. दाराशी चपलांच्या कपाटात ओमाच्या घरात घालायच्या लोकरी सपाता होत्या, टाचांशी झिजलेल्या. मला पाहुण्यांच्या सपाता दिल्या. स्वयंपाकघरात तिचा निळा मग होता, त्यातून दुसरं कोणी पीत नसे. नातीच्या खोलीत नातीनंच काढलेली चित्रं चिकटवलेली होती, त्यांत उंच, आखूड पांढऱ्या केसांची बाई सायकलवर बसलेली सारखी दिसायची. साडी नेसलेली बाई एकाच चित्रात होती, आणि ती विमानात होती.

ओमा त्र्याहत्तर वर्षांची, माझ्याहून सहा वर्षांनी मोठी. लग्न केलेलं नाही. आयुष्यभर एका ग्रंथालयात नोकरी केली. सात वर्षं दर बुधवारी ती नातीला आधी पाळणाघरातून आणि मग शाळेतून आणत होती. बाई वाईट असती तर माझं काम सोपं झालं असतं. ती वाईट नव्हती. पहिल्या भेटीत तिनं माझे दोन्ही हात हातात घेतले आणि पाठ केलेलं "नमस्कार, कशा आहात?" म्हणून दाखवलं. माझी नात टाळ्या पिटत होती. ती स्वतः माझ्याशी मराठी बोलत नव्हती. समजायचं सगळं, पण उत्तर जर्मनमध्ये. ओमाचं तीन शब्दांचं मराठी मात्र कौतुकाचं झालं.

शाळेच्या उन्हाळी सुटीचा तो शेवटचा आठवडा होता. बोडनझेच्या काठी द्राक्षमळेवाल्या एका कुटुंबाच्या घरात ओमा वीस वर्षं दर सप्टेंबरात उतरते. यंदा तिनं आम्हा सगळ्यांना चार दिवस बोलावलं. मी माझ्याच लेकीच्या कुटुंबाबरोबर फिरायला निघाले होते, पण निमंत्रण तिचं होतं. हे मला निघायच्या आधीपासून टोचत होतं.

शेवटच्या वळणावरून खाली पाणी दिसलं तेव्हा मी सगळं विसरून ताठ बसले. लेक सांगत होती की हे सरोवर आहे. जर्मनमध्ये सरोवराला आणि समुद्राला शब्द एकच, नुसतं लिंग बदलतं. पण मला ते समुद्रासारखंच दिसलं. पलीकडचा किनारा धुक्यात गेलेला, पाण्यावर पांढरी शिडं, काठाला छोटी छोटी गावं, बोटींचे धक्के, आणि गावांच्या डोक्यावरून थेट पाण्यापर्यंत उतरत आलेले द्राक्षांचे मळे. माझं माहेर वेंगुर्ल्याचं आणि सासर नाशिकचं. एकाकडे समुद्र, दुसरीकडे द्राक्षं, आणि दोन्हींच्या मध्ये अख्ख्या रात्रीचा एसटीचा प्रवास. माझ्या आईला नाशिकची द्राक्षं पाठवायची तर ती पोचेपर्यंत खालचा थर चेपलेला असायचा. आणि इथे या लोकांना दोन्ही एका खिडकीतून दिसत होतं. मला त्या गावांचासुद्धा राग आला.

घर दुमजली, खाली अंगण, अंगणात अक्रोडाचं झाड, मागे लगेच मळा सुरू. पोचल्या पोचल्या नात ओमाचा हात धरून मळ्यात पळाली. मीही मागे गेले. इथे तरी मला सांगण्यासारखं काही आहे असं वाटलं. आमच्या गल्लीच्या टोकापासून बागा सुरू व्हायच्या, माझ्या नणंदेची स्वतःची दोन एकर होती, मी छाटणीपासून काढणीपर्यंत सगळं पाहिलेलं. मी नातीला सांगायला लागले की आपल्याकडे वेली मांडवावर चढवतात, घड डोक्यावर लोंबतात, वर्षातून दोनदा छाटणी होते. ती ऐकून घेत होती. मग तिनं एका तारेशी वाकून दोन घड दाखवले, दोघांची वेगवेगळी नावं सांगितली, कुठला आधी पिकतो, कुठल्याची साल जाड, कुठल्याची वाइन कसली, सगळं भराभरा जर्मनमध्ये, आणि मागून आलेली लेक मला ते मराठीत सांगत होती. नातीला हे ओमानं गेल्याच्या गेल्या वर्षी शिकवलं होतं. म्हणजे ती इथे आधीही येऊन गेली होती. मला कुणी सांगितलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी आम्ही मेअर्सबुर्गला गेलो. गाव दोन मजल्यांचं असावं तसं आहे, वरचं आणि खालचं, मध्ये दगडी पायऱ्या. ओमा त्या पायऱ्या नातीबरोबर मोजत चढली. मी जावयांच्या दंडाला धरून, तीन ठिकाणी थांबत. वर पोचले तेव्हा त्या दोघी आइस्क्रीम संपवत होत्या. नातीनं आइस्क्रीमच्या कोनाचं टोक माझ्यासाठी ठेवलं होतं. ते मी खाल्लं, आणि चांगलं होतं असं सांगितलं.

दुपारी सगळे काठावरच्या पोहायच्या जागी गेलो. तिथे वाळू नाही, गोटे आहेत, वर हिरवळ आणि मोठी झाडं. हिरवळीवर लोक चादरी टाकून पडलेले. काठापासून थोडं आत पाण्यावर एक लाकडी तराफा बांधलेला, पोहणारी मुलं त्यावर चढायची आणि उड्या मारायची. ओमा आणि नात पोहत तिकडे गेल्या. नातीच्या पोशाखावर मांडीशी समुद्रघोड्याचं चित्र असलेला कापडी बिल्ला होता. वसंतात पोहण्याची पहिली परीक्षा पास झाल्यावर तो मिळालेला. इथली सगळी मुलं तो मिरवतात. वेंगुर्ल्याला लहानपणी मीही खाडीत पोहायची, बारा वर्षांची होईपर्यंत. मग घरच्यांनी बंद केलं. तेव्हापासून पाण्यात गेले ती घोट्यापर्यंत.

लेक आणि जावई खायला काही आणायला गेले होते. मी चादरीवर एकटी. इतक्यात पलीकडच्या धक्क्यावर एक नारिंगी दिवा उघडमीट करायला लागला, मग आणखी लांब एक. लोक पाण्यातून बाहेर यायला लागले. कुणीतरी शिटी वाजवली. मला एवढंच दिसलं की सगळे बाहेर येताहेत आणि माझी नात तराफ्यावर आहे. मी सलवार-कमीजमध्ये होते, तशीच पाण्यात शिरले. कमरेपर्यंत गेले आणि गोट्यावरून पाय सटकला. पाणी नाकातोंडात गेलं. कुणी एका तरुण बाईनं मला काखेत धरून उभं केलं. चष्मा तिनंच शोधून दिला.

ओमा आणि नात सावकाश पोहत येत होत्या, बाजूबाजूनं, काही घाई नाही. तो दिवा वाऱ्याचा इशारा देणारा होता. वारा अर्ध्या तासानं आला, आणि आला तोही झाडं हलवण्यापुरता. नात काठावर येऊन मला पाहून हसत सुटली, आजी कपड्यांसकट भिजली म्हणून ओमाला सांगायला लागली. ओमा हसली नाही. तिनं स्वतःचा टॉवेलच्या कापडाचा झगा माझ्या अंगावर घातला, पट्टा बांधला, आणि तशी मी घरापर्यंत आले, तिच्या झग्यात. ती हसली असती तर मला बरं वाटलं असतं.

घरी येऊन कपडे बदलले. बाकीचे खाली अंगणात प्लमचा केक खात बसले होते. डोकं दुखत असल्याचं सांगून मी वरच राहिले. गॅलरीत दोरीवर ओले कपडे वाळत होते, त्यांत नातीचा पोहण्याचा पोशाख. त्याच्यावरचा तो बिल्ला मी पहिल्यांदा जवळून पाहिला. मी नाशिकला मुलींच्या शाळेत एकतीस वर्षं शिवण शिकवलं. तो बिल्ला पाहून माझे हात शिवशिवले. जाड पांढरा दोरा, एक टाका लांब, एक आखूड, एका कोपऱ्यात दोऱ्याचा गुंताच, आणि बिल्ला सरळसुद्धा बसलेला नाही. मला मनापासून आनंद झाला. एक तरी गोष्ट त्या बाईला येत नव्हती.

माझी सुईदोऱ्याची डबी नेहमी पर्समध्ये असते. खुर्ची ओढून मी तो बिल्ला उसवला, कापड सरळ केलं, निळ्या बिल्ल्याला निळा दोरा घेऊन बारीक टाक्यांनी परत बसवला. टाका दिसता कामा नये असा. उसवलेला पांढरा दोरा कचऱ्यात टाकला. खाली जाऊन केकचे दोन तुकडे खाल्ले. डोकं दुखायचं थांबलं म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी नात पोशाख घालायला गेली आणि खोलीतून तिचा रडण्याचा आवाज आला. ती पोशाख हातात घेऊन बाहेर आली आणि माझ्यासमोर धरून म्हणाली, "आजी, दास हाब इश गेनेट." परत परत तेच. मला कळेना. मी म्हणाले, अगं मी नीट करून दिलंय, बघ किती छान बसलाय. ती आणखीच रडली.

लेक मला गॅलरीत घेऊन गेली आणि तिनं दार लावलं.

"तो बिल्ला तिनं स्वतः शिवला होता," ती म्हणाली. "ती तेच सांगतेय. सुईत दोरा ओवण्यापासून सगळं तिनं केलं. ओमांनी तिला शिकवलं, दोन बुधवार लागले. बोटं टोचली तरी कुणाला हात लावू दिला नाही."

"मला काय माहीत? मला वाटलं, त्यांनीच शिवलाय वेडावाकडा."

"आणि त्यांनी शिवला असता, तर उसवायचा होता?"

खाली अंगणात ओमा सायकलींना हवा भरत होती, त्या पंपाचा आवाज येत होता. मला राहून राहून एकच लागत होतं. हजारभर मुलींना मी सुई धरायला शिकवली, आणि माझ्या नातीला ती ग्रंथालयातल्या बाईनं शिकवली.

लेकीनं थोडा वेळ माझ्याकडे पाहिलं. मग आवाज खाली आणून म्हणाली, "आई, तू येऊ शकली नाहीस, त्याचा मला कधी राग आला नाही. बाबांना सोडून तू आली असतीस तर मलाच आवडलं नसतं. पण तेव्हा त्या होत्या. तुला आवडो न आवडो, ते तसंच झालंय."

ती आत गेली. मी दोरीवरचे कपडे काढून घड्या घालत उभी राहिले. घड्या घालून झाल्यावर एकदा उलगडून परत घातल्या.

त्या दिवशी मळेवाल्यांकडे लवकर पिकणाऱ्या द्राक्षांची काढणी सुरू झाली. पाहुण्यांपैकी कुणाला हौस असेल तर तासभर मदतीला या, असं त्यांनी म्हटलं होतं. लेक आणि जावई सायकली घेऊन गेले. जाताना लेक ओमाशी काहीतरी बोलली. काय बोलली ते मला समजलं नाही, पण मळ्यात गेलो ते आम्ही तिघीच. आम्हाला एक ओळ दिली, प्रत्येकीला कात्री आणि बादली. ओमा ओळीच्या एका बाजूनं, मी दुसऱ्या बाजूनं, मध्ये वेल. नात ओमाच्या बाजूला. ती माझ्याशी बोलत नव्हती.

बरीच द्राक्षं काढून झाली. काम हाताला ओळखीचं होतं, देठ धरायचा, मणी न दाबता घड उचलायचा, सडके मणी टिचकीनं उडवायचे. वेलीच्या पानांमधून मला ओमाचे हात दिसत होते, तोंड दिसत नव्हतं. कदाचित म्हणूनच मला बोलता आलं. मी नातीला हाक मारली आणि म्हणाले, "ओमाला सांग, तो बिल्ला तिनं शिवलाय असं मला वाटलं होतं. म्हणून मी उसवला."

नात वेलीखालून वाकून माझ्याकडे पाहायला लागली. मी पुन्हा म्हणाले, "सांग. असंच सांग."

तिनं सांगितलं. पलीकडची कात्री थांबली. मग ओमा बोलायला लागली, हळूहळू, थांबत थांबत, मुलीला पेलेल असं. आणि माझ्या नातीपुढे पहिल्यांदाच असा प्रसंग आला की जर्मनमध्ये उत्तर देऊन भागणार नव्हतं. निरोप मला द्यायचा होता. ती शब्द शोधत उभी राहिली.

"ओमा म्हणते," ती म्हणाली, "तू आली ना, मग मम्मानं तिला सांगितलं, आता बुधवारी नको. आजी आहे तोपर्यंत नको."

हे मला माहीत नव्हतं. मी आल्यापासून ओमा बुधवारी येत नव्हती, हे तर दिसतच होतं. मला वाटलं होतं, सुटी आहे म्हणून. लेकीनं ते माझ्यासाठी केलं होतं, आणि मला सांगितलंही नव्हतं.

"मग ओमा बुधवारी घरी बसते," नात म्हणाली. "आणि ओमा आयफरझ्युश्टिश आहे. तुझ्यावर. ते मराठीत काय?"

"मला तो शब्द येत नाही. म्हणजे काय होतं?"

तिनं कात्री बादलीत ठेवली, पोटावर हात ठेवला. "म्हणजे दुसऱ्याकडे आहे, आणि आपल्याला पाहिजे. आणि इथे दुखतं. आणि आपण छान नाही वागत."

"हेवा," मी म्हणाले. "त्याला हेवा म्हणतात."

तिनं दोनदा म्हणून पाहिला. मग ओमाला शिकवला. पलीकडून ओमाचा जाड आवाज आला, "हेफा." नातीनं तो सुधारून घेतला. मग तिनं विचारलं, तुला पण आहे का. मी हो म्हणाले. हे तिनं ओमाला सांगितलं की नाही ते मला ठाऊक नाही, पण पानांमधून एक हात आला आणि माझ्या बादलीत एक घड ठेवून गेला. पिवळसर हिरवा, उन्हाकडच्या बाजूनं तांबूस झालेला, एकही मणी खराब नसलेला.

तिथे सगळं निवळलं असं मी म्हणणार नाही. तास संपला तेव्हा माझ्या दोन बादल्या भरल्या होत्या आणि तिच्या तीन. ते मी लगेच पाहिलं.

दुपारी मी माझे बारीक टाके उसवले आणि पोशाख, बिल्ला आणि डबी नातीसमोर ठेवली. तिला पांढराच दोरा हवा होता. मी शेजारी बसले, हात मांडीवर ठेवून. टाके पुन्हा लांब-आखूड पडत होते, आणि ते पाहत गप्प बसणं मला एकतीस वर्षांत कधी जमलं नव्हतं. शेवटी दोरा संपवायची वेळ आली तेव्हा तिनं माझ्याकडे पाहिलं. गाठ तिला येत नव्हती, तेवढीच आधीच्या वेळी ओमानं मारून दिली होती. दोरा सुईभोवती तीनदा गुंडाळायचा, अंगठ्यानं दाबून धरायचा आणि सुई ओढायची, एवढं मी तिला दाखवलं. चौथ्यांदा तिला जमलं. मग तिनं माझ्या रुमालावर, उशीच्या अभ्र्यावर, जावयांच्या मोज्यावर गाठी मारल्या.

शेवटच्या संध्याकाळी मी पाण्यात उतरले. लेकीनं गावातल्या दुकानातून मला घोट्यापर्यंतचा आणि मनगटापर्यंतचा पोहण्याचा पोशाख आणून दिला होता. मला वाटलं नव्हतं, पण हातपायांना आठवत होतं. फक्त पाणी गोडं, समुद्रासारखं उचलून धरत नाही, अंग जड लागतं. आठ-दहा हात मारले असतील. मग उभी राहिले आणि काठाकडे पाहिलं. नात बघत असेल असं वाटलं होतं. ती कुणाच्या तरी कुत्र्याला काठी फेकत होती, पाठ माझ्याकडे. लेक आणि जावई सामान आवरत होते. सगळं पाहिलं ते ओमानं. ती गुडघाभर पाण्यात उभी होती, कदाचित मी बुडायला लागले तर असावं म्हणून. तिनं मान हलवली, एवढंच. जिनं पाहावं असं वाटत होतं तिनं पाहिलं नाही, याचं मला वाईट वाटलं. पण कुणीतरी पाहिलं होतं.

स्टुटगार्टला परतल्यावर मी लेकीला म्हणाले की बुधवारी ओमाला येऊ दे. तिनं विचारलं, नक्की ना. मी म्हणाले, नक्की नाही, पण येऊ दे. ओमा आली, तिच्या सपाता घातल्या, निळ्या मगातून कॉफी प्यायली आणि नातीला घेऊन गेली. त्या दिवशी लेक घरूनच काम करत होती. तिनं लॅपटॉप दुपारीच मिटला. इतक्या आठवड्यांत पहिल्यांदा घरात आम्ही दोघीच होतो. ती माझ्या पलंगावर येऊन आडवी झाली, आणि आपण होऊन तिच्या बाळंतपणाचं सांगायला लागली. मी कधी विचारलं नव्हतं, तिनं कधी सांगितलं नव्हतं.

पहिल्या महिन्यात दूध येत नव्हतं, लेक रडत असायची. ओमा तेव्हा नवी नवी यायला लागली होती. तुमच्याकडे अशा वेळी काय खायला देतात, असं तिनं विचारलं. लेक म्हणाली, अळिवाची खीर. अळीव म्हणजे काय ते दोघींनी फोनवर चित्रं पाहून शोधलं. ओमा जोरात हसली. अळिवाचे कोंब इथे लोक खिडकीत कापसावर रुजवतात आणि पावावर घालून खातात. दुसऱ्या दिवशी ती बागकामाच्या दुकानातून बियांची पाकिटं घेऊन आली, सात-आठ. दुकानदाराला वाटलं, हिला शेती करायची आहे. बिया निवडल्या, धुतल्या, भिजवल्या, आणि लेक खाटेवरून सांगत होती तशी तिनं खीर केली.

मी ऐकत होते. पोटात तेच सुरू झालं होतं, नातीनं हात ठेवून दाखवलं होतं तिथेच. ती खीर माझ्या हातची असायला हवी होती. मी विचारलं, "गूळ कुठून आणला?"

"गूळ नव्हता तेव्हा. साखर घातली."

"अळिवाच्या खिरीत साखर घालत नाहीत," मी म्हणाले.

"माहितेय," लेक म्हणाली, आणि कूस बदलून माझ्या बाजूला सरकली. "पण मी सगळी खाल्ली होती."